हजरतगंजचा फिर्यादी

लखनौच्या हजरतगंज कोतवालीत १७ जानेवारी २०२१ रोजी ‘तांडव’ या चित्रमालिकेच्या कर्त्यांविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदला गेला. फिर्यादी त्याच ठाण्यातील एक उपनिरीक्षक होता. पोलिसांचे पथक मुंबईस रवाना झाले, आणि २० जानेवारीस मुंबई उच्च न्यायालयाने दिग्दर्शकादिकांना तीन आठवड्यांचे संरक्षण दिले. मालिकेचा कलात्मक दर्जा फारसा उंच नसावा, असे मानले तरी मूळ प्रश्न उरतोच : येथे दुखावले गेले ते नेमके कोण?

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मर्यादांची चर्चा आपल्याकडे बहुधा अब्रुनुकसानीच्या कायद्यापाशीच घोटाळते. तो फौजदारी कायदा घटनाबाह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिल्यापासून तर विशेषच. हा कायदा निर्दोष आहे असे मुळीच नाही. खटल्याचे हेलपाटे हीच त्यात पुष्कळदा शिक्षा ठरते. तथापि त्यातील फिर्यादीला चेहरा असतो. पीडित व्यक्तीलाच न्यायालयापुढे यावे लागते, आणि लोकहितार्थ केलेले सत्यकथन हा बचाव लेखकास मिळतो. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांविरुद्ध कारभारी माधवराव बर्वे स्वतः फिर्यादी होते. आधारभूत पत्रे बनावट ठरली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. शिक्षा कठोर म्हणता येईल. वाद मात्र खऱ्याखोट्याचा होता.

भावना दुखावल्याच्या फिर्यादीत खऱ्याखोट्याला असे स्थान नाही. शिवाय साहित्याची अडचण पत्रकारितेहून बिकट : कल्पित पात्राच्या तोंडच्या वाक्याला सत्याचा बचाव द्यावयाचा तरी कसा? या कुळातले प्रमुख कलम २९५-अ १९२७ साली दंडसंहितेत आले. आज ते न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने वावरते. कृत्य हेतुपुरस्सर व द्वेषमूलक असले पाहिजे ही त्याची अट खरी, पण ती कसोटीला लागते खटल्यात. शासनाची पूर्वसंमतीही न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी लागते, गुन्हा नोंदून लेखकाच्या दारी पोलीस पाठविण्यापूर्वी नव्हे.

लखनौला हे नवे नाही. डिसेंबर १९३२ मध्ये तेथेच सज्जाद ज़हीर, अहमद अली, रशीद जहाँ व महमूदुज़्ज़फ़र यांचा ‘अंगारे’ हा उर्दू संग्रह निघाला, आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने याच कलमाच्या आधारे तो जप्त केला. पुढील महिन्यात महमूदुज़्ज़फ़र यांनी अलाहाबादच्या ‘लीडर’ पत्रात निवेदन छापून क्षमा मागण्यास नकार दिला.