शिडी, भिंत आणि केटी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्समध्ये एक शिडी असते. भिंतीला टेकलेली, ती केव्हा घसरेल ते काढायचं. पुस्तकात सोडवलेल्या उदाहरणात भिंत गुळगुळीत, म्हणजे तिथे फक्त एक आडवा बाण. परीक्षेत भिंत खडबडीत निघते. शिडीच्या वरच्या टोकाला घर्षणाचा आणखी एक बाण लागतो, उभा, वर जाणारा, आणि उदाहरण घोकून आलेला मुलगा नेमका तिथे अडकतो. पास व्हायला सहा गुण कमी पडतात, आणि लागते केटी, म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा.

बारावीला गणितात एवढे मार्क होते, मग आता काय झालं, असं घरचे विचारतात. पोरगं बिघडलेलं नसतं. सोडवलेलं उदाहरण वाचलं की सगळं कळल्यासारखं वाटतं; कोऱ्या कागदावर बाण काढायला बसलं की खरं काय ते कळतं. त्यात आपला चुकलेला बाण आपल्याला दिसत नाही, शेजारी बसलेल्याला दिसतो. म्हणून हा अभ्यास एकट्याने होत नाही, असं माझं ठाम मत आहे. हॉस्टेलवरच्या मुलांना हे फुकट मिळतं. रात्री बाराला शेजारच्या खोलीचं दार वाजवायचं.

पण मुंबईत आरे कॉलनीतल्या घरी राहणाऱ्या मुलाने कुणाचं दार वाजवायचं? पलीकडे पवईत १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी आहे. अलीकडे मेट्रो ३ची कारशेड. ऑक्टोबर २०२४ पासून ही मेट्रो आरेतूनच सुटते. इंजिनिअरिंग दोन्ही बाजूंनी दाराशी आलंय. पण कॉलेजात ग्रुप जमतो तो प्रॅक्टिकल संपल्यावर, आणि तेव्हा याला घराची ओढ. २०२१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आरेत बिबट्याने लागोपाठ हल्ले केले होते. पोराने जंगलातल्या पाड्यावर अंधारात एकटं यावं, असं कुठल्या आईला वाटेल?

मग व्हिडिओ बघ म्हणतात. एनपीटीईएलची लेक्चरं उत्तम आहेत, फुकट आहेत. २००३ साली सुरू झालेल्या त्या उपक्रमात आयआयटी मुंबईही आहे. पण व्हिडिओतले सर वही तपासत नाहीत.

म्हणून महापालिकेने आरेतल्या आपल्या शाळेचा एक वर्ग संध्याकाळी सात ते नऊ उघडा ठेवावा. अभ्यासिका म्हणूनच, फक्त ‘शांतता राखा’ची पाटी नको. ती स्पर्धा परीक्षावाल्यांना ठीक. इथे फळा हवा, खडू हवा आणि भांडायची मुभा हवी. एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, सुटलेल्या मुलीने एम-वन राहिलेल्याला शिकवावं, तिचीही उजळणी होते. रविवारी पवईहून आयआयटीतले दोघं-तिघं आले तर सोन्याहून पिवळं. (रस्त्यानेच या. बिबट्यापुढे व्हायव्हा नको.) घरी परतताना सगळ्यांनी मिळून निघायचं.

पहिल्या सेमिस्टरची परीक्षा दिवाळीनंतर डोक्यावर येते, तेव्हा वर्ग गणपतीआधी उघडायला हवा. चावी कुणाकडे राहणार, एवढं वॉर्ड ऑफिसने ठरवावं.