वाडा शंभर वर्षं जुना आहे, पण तो 'संरक्षित' आहे का?

रेल्वे रुळांच्या एका बाजूला सिडकोने आखलेलं नवीन पनवेल, तर दुसऱ्या बाजूला जुनं पनवेल. या जुन्या गावात १८५२ साली नगरपालिका आली. बेने इस्रायली समाजाचं १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉगही इथलंच. अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पनवेलच्या जागेला सोन्याचा भाव आला. अशा वेळी जुना वाडा पाडायला निघाले की सोशल मीडियावर प्रश्न येतो, 'हेरिटेज आहे ना, मग पाडतात कसं?'

जुनं म्हणजे संरक्षित नाही

इमारत कितीही जुनी असली तरी आपोआप संरक्षण मिळत नाही. त्यासाठी तिचं नाव अधिकृत यादीत असावं लागतं. अशा याद्या तीन आहेत.

१. केंद्र सरकार: १९५८ च्या कायद्यानुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण काम पाहतं. स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी असते. रायगड किल्ला याच यादीत येतो.

२. राज्य सरकार: १९६० च्या कायद्यानुसार राज्याचा पुरातत्त्व विभाग स्मारकं जाहीर करतो.

३. स्थानिक वारसा यादी: राहती घरं, वाडे, चाळी बहुतेक इथेच बसू शकतात. मुंबईत १९९५ पासून अशी नियमावली आहे आणि इमारतींना श्रेणी दिली जाते.

इंग्लंडमध्ये वेगळं काय?

तिथे संरक्षित नोंदींची संख्या चार लाखांच्या आसपास आहे. १७०० पूर्वीची, मूळ रूपात बऱ्यापैकी टिकलेली इमारत बहुतेक वेळा यादीत येते. त्यामुळे छोट्या गावातलं साधं घरही सुटत नाही. परवानगीशिवाय त्यात बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे.

यादीत नाव आलं की काम झालं?

नाही. मुंबईतली एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, हे त्याचं उदाहरण. १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा इथेच दाखवले गेले. इमारत वारसा यादीत होती, तरी ती खिळखिळी होत गेली. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडण्याची शिफारस झाली आणि वारसातज्ज्ञांनी विरोध केला. भाडं वर्षानुवर्षं गोठलेलं असेल, तर दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा, हा अशा इमारतींचा खरा प्रश्न असतो.

खरी शर्यत दोन याद्यांची

धोकादायक इमारतींची यादी दर पावसाळ्याआधी निघते. महापालिका कायद्याच्या कलम २६४ नुसार अशी इमारत रिकामी करण्याची किंवा पाडण्याची नोटीस देता येते. वारसा यादीला असं वेळापत्रक नाही. वाड्याचं नाव दुसऱ्या यादीत येण्याआधी पहिल्या यादीत आलं, तर पुढे वाचवायला फारसं काही उरत नाही.

मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. वाटण्या झालेल्या, गळक्या वाड्याची कौलं आणि लाकूड सांभाळणं एका कुटुंबाला झेपत नाही. वापरता न आलेल्या बांधकामाच्या बदल्यात विकासहक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची सोय नियमात आहे. पण तीही यादीत नाव असेल तरच.

तुम्ही काय करू शकता?

वाडा उभा असतानाच त्याचे फोटो, बांधकामाचं साल आणि इतिहास यांची नोंद करा. वारसा यादीत समावेशासाठी महापालिकेकडे लेखी मागणी करा. यादीचा मसुदा जाहीर झाला, तर मुदतीत हरकती-सूचना द्या. जेसीबी आल्यावर टाकलेल्या पोस्टपेक्षा आधी दिलेला अर्ज जास्त कामाचा.