टोपल्यातली तळाची भाकर

मैत्रिणींनो, ताव्यावरून उतरलेली गरम भाकर आपण शेवटची कधी खाल्ली, आठवतं का? थापतो रोजच. पण आपल्या वाट्याला येते ती टोपल्यातली तळाची, गार झालेली.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या आम्ही पाचजणी ढाणकीहून उमरखेडला तहसीलच्या कामाला गेलो होतो. दोन वाजले. एरवी चहा-बिस्किटावर भागवून घरी परततो. त्या दिवशी भूक आवरेना, म्हणून एका साध्याशा खानावळीत शिरलो. गल्ल्यावरच्या भाऊंनी लगेच पडद्याकडे बोट दाखवलं, "ताई, फॅमिली रूम तिकडं." आत पंखा नव्हता. मी म्हटलं, "भाऊ, आम्ही इथंच बसतो, वाऱ्याला." आजूबाजूच्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि पुन्हा आपापल्या ताटात डोकं घातलं. झालं, एवढंच!

पातोडीची रस्साभाजी, ज्वारीची भाकर, ठेचा, शेवटी वरण-भात. घरी करतो तेच की! पण वाफेनं बोटं भाजत होती आणि "अजून एक वाढू का?" असं कुणीतरी आपल्याला विचारत होतं. आमच्यातल्या एकीच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. ती म्हणाली, "ताई, मला रस्सा झणझणीत आवडतो हेच मी विसरले होते. घरी सासऱ्यांना तिखट चालत नाही ना." दुसरीचा जीव मात्र लेकरांत. तिनं निम्मी भाजी बांधून घेतलीच.

याला चैन म्हणणारे भेटतील. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याला कारणं बरीच आहेत, पण सगळ्यांचं उरकल्यावर उरेल ते खायचं, ही आपली सवय त्यात नाही असं कोण म्हणेल? घरच्या माणसांचा महिन्याचा पानटपरीचा खर्च मात्र कुणी मोजत नाही.

निघताना आत डोकावले. चुलीशी एक काकू भाकरी थापत होत्या. "तुमचं जेवण?" म्हटलं. "गिऱ्हाईक सरलं की, चार वाजता," म्हणाल्या. म्हणजे तिथंही तेच!

मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना डबे करून घालणाऱ्या बायका अशाच राबत. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिलं. रांधणारी बाई गल्ल्यावर बसली की काय होतं, ते तिथं दिसलं.

आपल्या गावात असं काही का नसावं? बसस्टँडजवळ चार टेबलांची जागा, पडदा नको, पंखा हवा, आणि हो, बायकांसाठी स्वच्छ संडास हवाच. त्यावाचून बाई दिवसभर पाणीसुद्धा पीत नाही. चालवायला गट आहेतच, फक्त रांधणारीच्या जेवणाची वेळ आधी ठरवायची. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून गटांना बँकेचं कर्ज मिळतं, जागेसाठी अर्ज लिहायला मी बसते.

तोवर आम्ही एक ठरवलंय. गटाची पुढची बैठक माझ्या घरी, पण चहापोहे नाहीत. दोघी भाकरी थापतील, तिघी बसतील, मग आलटून-पालटून. घरच्यांना सांगून टाकलंय, त्या दिवशी आपापलं वाढून घ्या.