हेलियमचे संकलन एकत्र, हिशेब वेगळा

द्रव हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याच्या एका लिटरचा सामान्य तापमानाला सुमारे ७५० लिटर वायू होतो. एमआरआय व एनएमआर यंत्रांतील अतिवाहक चुंबक, म्हणजे विद्युतरोध नाहीसा झालेल्या तारेचे वेटोळे, याच द्रवाने थंड राखले जाते. भारतात हा वायू जवळजवळ सगळा आयात होतो, आणि २०१७ मध्ये कतारच्या नाकेबंदीने तेथील उत्पादन काही काळ थांबले तेव्हा त्याची झळ जगभर पोचली. तरीही वायू परत मिळवण्याचा विचार एकेका इमारतीपुरता होतो आणि द्रवीकरण यंत्राची किंमत कळताच बारगळतो.

वास्तविक संकलन आणि द्रवीकरण हे दोन वेगळे टप्पे आहेत. नळी, वायू साठवणारी मोठी पिशवी, काँप्रेसर आणि सिलिंडर एवढ्यावर संकलन भागते व ते शेजारच्या इमारतींना सामायिक ठेवता येते. द्रवीकरण मात्र मोठा व अखंड वापर असलेल्या केंद्रातच परवडते. अमरावती आणि अकोला या दोन शहरांचे गणित याहून निराळे आहे. ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाखाली जेमतेम ७ घनमीटर वायू मावतो, म्हणजे पन्नासेक किलो पोलादातून किलोभर हेलियम वाहून न्यायचे. या दोन शहरांमधल्या महामार्गावर लोणी ते माना दरम्यान एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला खरा, पण रस्ता चांगला म्हणून हे वजन घटत नाही. दोन्ही शहरांनी म्हणूनच आपापल्या आवारात संकलन करावे आणि सिलिंडरांचा पुरेसा संच भरल्यावरच द्रवीकरण केंद्राकडे एकत्र गाडी पाठवावी.

वऱ्हाडात उन्हाळ्याचा विचार आधी हवा. आधुनिक एमआरआय चुंबकातून एरवी हेलियम उडत नाही, कारण शीतक यंत्र वाफेचे पुन्हा द्रव करते. पण पारा ४५ अंशांपुढे असताना वीज गेली किंवा चिलर बंद पडला की उकळणे सुरू होते, आणि वीजच गेली असेल तर संकलनाच्या काँप्रेसरलाही ती नसते. पिशवीचे आकारमान अशा तासांवरून ठरवावे. क्वेंचचा, म्हणजे चुंबकाची अतिवाहकता अचानक नष्ट होऊन उसळणारा, वायू मात्र या जाळ्यात कधीच घेऊ नये. त्याची नळी थेट छपराबाहेर जावी.

सामायिक नळीत एका इमारतीची हवा शिरली तर सर्वांचा साठा नासतो आणि एकीचा वाढलेला दाब दुसरीच्या क्रायोस्टॅटचे, म्हणजे द्रव हेलियम ठेवलेल्या शीतपात्राचे, तापमान बदलतो. प्रत्येक इमारतीच्या तोंडाशी एकदिशा झडप, प्रवाहमापक आणि शुद्धतामापक बसवावा, आणि शुद्धीकरणाचा वाढीव खर्च नोंदीनुसार त्या इमारतीवरच टाकावा, असे कलम नळी टाकण्यापूर्वीच करारात असावे.