तडजोड कशाची?

आईला डायलिसिसला वर सोडून खाली आले, तर माझी गाडी जागेवर नाही. ‘वाहने उभी करू नयेत’ ही पाटी झाडाच्या फांद्यांत दडलेली. मी तिचे फोटो काढले. वाहतूक चौकीत फोटो कुणी पाहिले नाहीत. ‘‘ताई, तडजोड शुल्क भरा नि गाडी न्या. भांडायचं तर कोर्टात जा.’’

मोटार वाहन कायदा, १९८८. कलम २०० खाली पैसे भरले की प्रकरण मिटते. मग दाद कसली मागणार? न भरावे तर गाडी त्यांच्याच आवारात.

मैत्रिणींनो, हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन गेलो, तरी चौकीत आधी तडजोडच पुढे करतात!

आणि दाद मिळते कुणाला? २०१७ साली मुंबईत मालाडला, बाळाला पाजणारी आई आत बसलेली असताना गाडी ओढली गेली. चित्रफीत सर्वत्र फिरली, तेव्हा पोलीस निलंबित झाला. माझी चित्रफीत कुणी काढली नव्हती.

हमीपत्रावर गाडी सोडा, दंड लागतो की नाही ते न्यायालय ठरवील, एवढेच मी लिहून दिले. पैसे भरले नाहीत. आईला रिक्षाने नेते आहे.