विश्लेषण : खोडदच्या दुर्बिणीला मोबाइलचा अडथळा का? ‘हॅम’ची मदत कशी होऊ शकते?

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे खोडदजवळून (ता. जुन्नर) न नेता अहिल्यानगर-शिर्डीमार्गे नेण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली. कारण दिले गेले ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीचे. त्यावरून शिरूर लोकसभा मतदारसंघात नाराजी आहे. एका दुर्बिणीसाठी रेल्वेने वळसा का घ्यायचा, असा नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर परिसराचा सवाल आहे.

दुर्बीण नेमके काय टिपते?

‘जीएमआरटी’मध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ खोडदजवळ एकवटल्या आहेत; उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ गोंगाट कमी, म्हणून ही जागा निवडली गेली. दूरच्या दीर्घिका, पल्सार यांच्याकडून येणाऱ्या लहरी अतिशय क्षीण असतात. चंद्रावर एखादा मोबाइल सुरू ठेवला, तर तोही आकाशातील ठळक रेडिओ स्रोतांत गणला जाईल!

मोबाइलचा अडथळा कसा होतो?

ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झदरम्यानच्या लहरी टिपते. मोबाइल सेवेचे ७००, ८०० आणि ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे याच टप्प्यात येतात. घरातही हा त्रास अनेकांनी अनुभवला आहे. टू-जी फोन रेडिओ किंवा स्पीकरजवळ ठेवला, की कॉल येण्याआधी ‘टर्र-टर्र’ ऐकू येते. हा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे ठोके सोडतो. स्पीकरची वायर अँटेनासारखी ते पकडते.

फक्त मोबाइलच दोषी आहे का?

नाही. वीजवाहिनीवरील सैल जोड व खराब इन्सुलेटरमधील ठिणग्या, हलक्या दर्जाचे एलईडी दिवे, चार्जर हेही गोंगाट करतात. विजेवर धावणाऱ्या रेल्वेत ओव्हरहेड तारेशी होणाऱ्या ठिणग्यांची भर पडते. त्यातच नेटवर्क मिळत नाही म्हणून ऑनलाइन मागवलेले बूस्टर लावले जातात. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणीही असे बूस्टर विकणे, बाळगणे वा वापरणे बेकायदा आहे.

सॉफ्टवेअरने गोंगाट गाळता येत नाही का?

काही प्रमाणात येतो. ‘जीएमआरटी’मध्ये तशी यंत्रणा आहे. मात्र गोंगाटाचा भाग कापताना त्या क्षणाची निरीक्षणेही जातात. सिग्नल फारच जोरदार असेल, तर रिसीव्हरच भरून जातो. मग गाळायला काही उरत नाही.

‘हॅम’ काय करू शकतात?

हॅम म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. १२ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला परीक्षा देऊन दूरसंचार विभागाकडून परवाना मिळतो. २००१चा भूज भूकंप आणि २००४ची त्सुनामी या आपत्तींत फोन बंद पडले, तेव्हा हॅमनी संपर्क साधून दिला. लपवलेला ट्रान्समीटर दिशादर्शक अँटेनाने शोधण्याचा त्यांचा ‘फॉक्स हंटिंग’ हा खेळ आहे. हेच कौशल्य गोंगाटाचा उगम शोधायला कामी येते. मात्र त्यांना कोणाचे उपकरण बंद करण्याचा अधिकार नाही. कारवाई दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग यंत्रणेनेच करायची असते.

नागरिकांनी काय करावे?

सेलवर चालणारा रेडिओ मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मध्ये लावावा आणि घरातील मेन स्विच काही वेळ बंद करावा. खरखर थांबली, तर दोष घरात; मग एकेक उपकरण सुरू करून तपासावे. खरखर कायम राहिली व विजेच्या खांबाजवळ वाढली, तर महावितरणकडे तक्रार करावी. स्वतः खांबाला हात लावू नये. चार्जरच्या वायरवर फेराइट कडे बसवल्यानेही फरक पडतो.

मग विकासाचे काय?

दुर्बीण जगभरातील शास्त्रज्ञ वापरतात. बंधनांचा भार मात्र आसपासच्या गावांवर पडतो. नेटवर्क नीट मिळाले नाही, तर बेकायदा बूस्टर वाढतील आणि नुकसान दुर्बिणीचेच होईल. फायबरने घरोघरी इंटरनेट, समन्वयाने बसवलेले कमी शक्तीचे टॉवर आणि वीजवाहिन्यांची वेळेवर दुरुस्ती हे दोघांच्याही सोयीचे उपाय आहेत. रेल्वेचा प्रश्न त्याने सुटणार नाही. जुन्या मार्गावरील गावांना पर्यायी वाहतूक काय मिळणार, याचे उत्तर सरकारलाच द्यावे लागेल.