एकाने काय होतंय?

गणपतीत जोह्याला घरी गेलो होतो. ताटात पाच मोदक, वर तुपाची धार आणि काकूंचं ठरलेलं वाक्य, “अरे, एकाने काय होतंय?”

सांगतो काय होतं ते. बायपासनंतर माझ्या जठराची जेमतेम अंड्याएवढी पिशवी उरलीये, तीही थेट लहान आतड्याला जोडलेली. गूळ तिथे धाडकन उतरतो. मग दरदरून घाम, धडधड, चक्कर. गेल्या वर्षी ह्याच आग्रहापायी ऐन आरतीच्या वेळी मी पडवीत आडवा होतो. वारा घालायला काकूच होत्या!

काकांचं वेगळंच. “ऑपरेशन केलंस ना, मग आता पथ्य कशाला?” अहो, खरं पथ्य तिथूनच सुरू होतं! आतडं पूर्वीइतकं शोषत नाही, म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. रोज ६० ग्रॅम तरी प्रथिनं. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासाने घोट घोट. गडकरींनी २०११ मध्ये वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली हे काकांना पाठ आहे. पुढचं कोण विचारतो?

आमच्या गावात घरोघरी गणपतीचे कारखाने. ओल्या मूर्तीला कुणी रंग लावू लागला तर हेच काका त्याला हाकलून देतील. “एका हाताने काय होतंय” म्हणणार नाहीत. मग माझ्याच पोटाबाबत एवढं औदार्य का?

असो. वालाचं बिरडं चार चमचे वाढा, आनंदाने खाईन. चावून चावून, अर्धा तास लावून. तेवढा वेळ माझ्या ताटाकडे बघत बसू नका, म्हणजे झालं.